ओळखणारं रक्त

बाळांनो, थोडा वेळ माझ्यासोबत एका अंगणात येऊन उभे राहा. गाव युसूफ वडगाव. निजामाचं राज्य आहे आणि थंडीचे दिवस. समोर ओसरी, तिला तीन पायऱ्या. अंगणाच्या टोकाला गोठा, गोठ्याच्या दाराशी एक सपाट दगड. ओसरीवर जमिनीचे मालक सुंदरराव, त्यांची बायको रुक्मिणीबाई आणि डॉक्टर जलालुद्दीन उभे आहेत. खाली अंगणात छबुबाई, त्यांच्या रानात राबणारी. तिनं आपल्या नऊ वर्षांच्या भिवराचं मनगट घट्ट धरलंय. आणि आतून सुंदररावांच्या तान्ह्या नातवाचं कण्हणं येतंय. श्वास घेतला की कण्हणं, श्वास घेतला की कण्हणं. ऐकलंत? मग आता कुणी बोलू नका.

डॉक्टर त्याच सकाळी मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, सुंदररावांच्या दमणीतून आले होते. दमणी म्हणजे बैलांची हलकी गाडी. मुलाची छाती ऐकून त्यांनी न्यूमोनिया सांगितला. पण त्या भागात दोन जातींच्या जंतूंचा न्यूमोनिया फिरत होता आणि दोन्हींची औषधं निराळी. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाटल्या त्यांनी आणल्या होत्या. चुकीची टोचली, तर दुसरी टोचेपर्यंत मूल राहील, याचा भरवसा नव्हता.

म्हणून त्यांनी मुलाच्या टाचेतून रक्त घेतलं. ते गोठल्यावर वर आलेलं पाणी दोन काचांवर ठेवलं आणि एकेका जातीच्या मेलेल्या जंतूंचा थेंब त्यात मिसळला. ज्या काचेवर नासलेल्या दुधासारख्या बारीक गुठळ्या धरतील, ती जात.

दोन्ही काचा तशाच राहिल्या.

एवढ्यासाठी का आपले बैल पळवले, असं सुंदररावांनी विचारलं. डॉक्टरही चिडलेले होते. म्हणाले, "परवा आजारी पडलेल्या लेकराचं रक्त नवखं असतं. त्याला दुश्मनाची ओळख नसते. जो या दुखण्याशी लढून उठलाय, त्याचं रक्त ओळखतं. या लेकराजवळ वावरणारं असं कुणी आहे का? दोघांच्या दुखण्याची जात बहुधा एकच असणार."

रुक्मिणीबाईंची नजर गोठ्याकडे गेली.

तो तान्हा नातू जन्मल्यापासून भिवराच्या कडेवर होता. गेल्या महिन्यात ती याच दुखण्यानं पडली आणि कशीबशी उठली. तेव्हापासून रुक्मिणीबाईंनी तिला ओसरीची बंदी केली होती. पोराचं दुखणं तिनंच घरात आणलं, असं त्या येईल त्याला सांगत होत्या. भिवराची भाकर आता गोठ्याजवळच्या दगडावर वरूनच पडायची. तिनं तिथंच बसायचं, तिथंच खायचं.

आणि आता तिच्याच रक्तासाठी तिला बोलावणं गेलं होतं.

"माझी पोर तापली तवा मी दमणी मागाया आल्ते," छबुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मालक म्हणले, बैल दमलेत. मग मीच बिबा तापवून हिच्या बरगड्यांवर चटके दिले. आज कसे काय पळाले बैल?"

"तोंड लई चालाया लागलं तुझं," सुंदरराव म्हणाले. "उद्या रानात पाऊल टाकून दाखव."

"न्हाई टाकत. पर रगत बी न्हाई देत."

सुंदरराव पायरीवरून एक पाऊल खाली आले. छबुबाई मागं सरली नाही. डॉक्टरांनी सुई पुन्हा डबीत ठेवली आणि डबी आपटून बंद केली. "भांडा," ते म्हणाले. "मला काही घाई नाही. घाई त्या लेकराला आहे."

तेव्हा रुक्मिणीबाईंनी आवाज बदलला. त्यांनी स्वतःच्या हातानं ओसरीवर पाट मांडला. "भिवरा, ये गं बाई वर. पाटावर बस. मी म्हणते ना."

"आता पाट!" छबुबाई हसली. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं. "चल गं घरी." तिनं पोरीला फाटकाकडं ओढलं.

आतलं कण्हणं थांबलं.

अंगणातलं कुणी हललं नाही. मग ते पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा बारीक.

भिवरानं आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. ती पायऱ्यांपर्यंत गेली, मांडलेल्या पाटाकडे तिनं एकदा पाहिलं आणि तिथून वळली. अंगण ओलांडून गोठ्याच्या दाराशी गेली आणि आपल्या दगडावर बसली.

"मला हितंच बसाया सांगितलंय," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि पोलक्याची बाही वर सारून तिनं हात गुडघ्यावर उघडा ठेवला.