चार हात कमी

“मान खाली. वर कोणी ओळखीचं बसलेलं नाही, सारखं बघायला,” बाई काठावरून म्हणाल्या.

लाँचचालकाने मान खाली घातली. ताठ हातांनी पाणी बडवत तो पलीकडच्या काठाला पोचला, तेव्हा त्याची छाती भात्यासारखी चालत होती. इतके दमवणारे काम त्याने आयुष्यात केले नव्हते.

“अठ्ठेचाळीस हात.” बाईंनी वहीत आकडा लिहिला. “पाण्याशी भांडता आहात तुम्ही. अंग लांब करा. एक हात पुढे गेला की त्याच्यामागून सरका, मग दुसरा. श्वास पाण्यात सोडा, बाहेर फक्त घ्या. कमी हातांत जो पोचतो त्याला पोहता येतं. बाकीचे नुसते बुडत नाहीत, इतकंच.”

बाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण पाठ काठीसारखी सरळ होती. अर्धे गाव त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरले होते. तलाव बंदिस्त होता; छत ठेंगणे, खिडक्या उंच, काचा वाफेने आंधळ्या झालेल्या. वर्ग सुरू झाला की बाई दाराला आतून कडी घालीत. उशिरा येणाऱ्याला प्रवेश नसे आणि लवकर जाणाऱ्याला सुटका नसे.

लाँचवरच्या प्रत्येक माणसाने न थांबता पन्नास मीटर, म्हणजे तलावाच्या दोन खेपा, पोहून दाखवायचे आणि बाईंचा दाखला कचेरीत लावायचा, नाहीतर काम सोडायचे, असा नवा नियम निघाला होता. नियम कोणामुळे निघाला हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कोणी लाँचचालकासमोर बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या लाँचवरून एक प्रवासी पाण्यात पडला. त्याने तरंगते कडे फेकले. प्रवाहाने ते भलतीकडे नेले. माणूस बुडाला. उडी का मारली नाही, असे चौकशीत विचारले गेले. “मला पोहता येत नाही,” तो म्हणाला. त्या चार शब्दांवर तो निर्दोष सुटला.

सुटला म्हणायचे एवढेच. बुडालेल्याची बायको पलीकडच्या काठावरच्या शाळेत शिकवीत असे. रोज सकाळी ती त्याच्याच लाँचने जाई आणि पुढच्या बाकावर, त्याच्या नजरेसमोर बसे. दिवसकार्य आटोपून ती पहिल्यांदा आली, तेव्हा म्हणाली होती, “भाऊ, जिवाला लावून घेऊ नका. पोहता येत असतं तर तुम्ही थांबला नसता, मला ठाऊक आहे.” तेव्हापासून पंधरा मिनिटांची ती फेरी त्याला दिवसभर पुरत असे. लाँच सोडावी तर दुसरा धंदा येत नव्हता. चालवावी तर तो बाक होता. इकडे आड, तिकडे विहीर.

वर्गात त्याच्या जोडीला लाँचवरचा तिकीटवाला होता. अंगाने गोल, म्हणून सगळे त्याला फुगा म्हणत. नावाचा फुगा, पण तरंगायची बोंब. दर खेपेला नाकातोंडात पाणी जाऊन तो खोकत, शिंकत काठ धरी.

“वरातीमागून घोडं हो आपलं,” फुगा धापा टाकत म्हणाला. “तुमच्या नाकात नाही का जात?”

“जातं की.”

“मग ठसका कसा लागत नाही?”

“मी तुझ्यासारखा बोभाटा करत नाही, एवढंच.”

“फुग्या, गप्पा काठावर,” बाई कडाडल्या. “तुझ्या नाकात पाणी जातं, माझे शब्द मात्र पालथ्या घड्यावर.”

फुग्याचे आकडे पन्नास, सेहेचाळीस, त्रेपन्न, पुन्हा पन्नास असे वेडेवाकडे चालले होते. लाँचचालकाचे दर आठवड्याला चार हात कमी होत गेले. चव्वेचाळीस. चाळीस. छत्तीस. सहाव्या आठवड्यात अठ्ठावीस.

बाई बराच वेळ वही बघत राहिल्या. “तुमची प्रगती फार शिस्तीची आहे.”

“आपण सांगता तसं करतो, बाई.”

बाईंनी चष्मा पुसला आणि वही मिटली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पुढच्या बाकावरून शिक्षिका म्हणाली, “आज परीक्षा ना, भाऊ? नीट शिका. पुढच्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.” त्याने मान हलवली आणि नजर पाण्यावर ठेवली.

तलावावर त्या दिवशी तिघेच होते. दाराला कडी लागली. तो पाण्यात उतरला. मोजून हात मारायचे, एवढेच त्याने ठरवले होते. पहिली खेप तशीच पार पडली. पलीकडच्या भिंतीला पाय टेकवून तो वळला, आणि अर्ध्यावर केव्हातरी मोजणी निसटली. कानांत फक्त पाणी होते. ना चौकशी, ना तो बाक. अंग आपोआप लांब झाले, खांदा कलला, श्वास आपली वेळ आपण शोधू लागला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचा दगड हलला. बोटे भिंतीला लागली, तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

“किती झाले?” त्याने विचारले.

“परतीचे चौदा,” बाई म्हणाल्या.

फुग्याने टाळ्या वाजवल्या. “मासा झालात की हो!”

बाई हसल्या नाहीत. त्या आपल्या खोलीत गेल्या. तो ओल्या अंगाने टेबलासमोर उभा राहिला. बाईंनी छापील कागद ओढला, लिहिले, सही केली, शिक्का मारला.

“म्हणजे मी पास, बाई?”

“पोहण्यात पैकीच्या पैकी. आज संध्याकाळी कचेरीत लावा. याची एक प्रत मी टपालानंही पाठवते, तशी पद्धत आहे. आणि एक लक्षात ठेवा, जे मी शिकवलं नाही, त्याचं श्रेय मी घेत नाही.”

त्याने कागद हातात घेतला. ‘सदर व्यक्तीस प्रशिक्षणानंतर उत्तम पोहता येते,’ अशी छापील ओळ होती. तिच्यातला ‘प्रशिक्षणानंतर’ हा शब्द खोडून बाईंनी वर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : ‘आधीपासून’.