ओढ्यापलीकडचा शून्य

गावच्या वेशीवर विषमतेचा आकडा दाखवणारा फलक होता. आभाळात फिरणारं यंत्र घरोघरची मालमत्ता मोजून तो आकडा काढायचं. आकडा उतरवणाऱ्या गावालाच दवाखाना मिळणार होता.

सरपंच दिगंबर गयाबाई सुईणीच्या झोपडीसमोर आला.

"मावशी, सगळ्यांत कमी तुम्हा दहा घरांकडे आहे. तुमच्यामुळं आकडा चढतो. ओढ्यापलीकडं, गावच्या हद्दीबाहेर राहायला जा."

"आणि तुझी तीन मजली माडी? तिच्यामुळं नाही चढत?"

"माडी कशी हलवणार?"

"दिगू, तुझी नाळ मी कापली. तेव्हा तूही उघडाच होतास मेल्या, तुला नाही कुणी हद्दीबाहेर टाकलं."

तरी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आले आणि दहा घरं पलीकडं गेली. आकडा उतरला, गावात दवाखाना झाला.

महिन्याभरानं पलीकडच्या माळावरही फलक लागला. तिथं घरटी एक पातेलं, एक गोधडी. आकडा शून्य.

दिगंबर हार घेऊन धावत आला. "मावशी, राज्यात पहिला नंबर तुमचा!"

"मग आमचा दवाखाना कधी? गावातल्या दवाखान्यात हद्दीबाहेरच्यांना घेत नाहीत. सखूचे दिवस भरलेत. पोर आडवं आहे, माझ्या हातानं नाही व्हायचं."

"आकडा उतरला तर दवाखाना, मावशी. शून्याच्या खाली कुठं उतरणार?" त्यानं हार पुढं केला.

गयाबाईनं हात मागं घेतले. "तो परत ने. माझ्याकडं शेजारणीपेक्षा एक हार जास्त होईल."