साडूभाऊंचा डाव

"बॉलच्या बुडाशी सावली नको," दंतवैद्य म्हणाले. "सावली पडली की बॉल नक्की कुठे टेकलाय ते कळत नाही."

शिडीवरच्या वायरमनने दिव्याची पट्टी वीतभर सरकवली. घरातल्या हॉलच्या मधोमध पूल टेबल होतं. त्याच्यावर, छताला टांगलेली लोखंडी चौकट. चौकटीच्या चारही कडांना दिवे आणि मध्ये, तोंड खाली करून, कॅमेरा. दंतवैद्य पांढरा बॉल कापडावर इथे ठेव, तिथे ठेव करत वाकून बघत होते. एका कोपऱ्यात अजून नखाएवढी सावली होती.

"फार बारीक बघता बुवा तुम्ही."

"आयुष्यभर लोकांच्या तोंडात उजेड पाडलाय. खोड जात नाही."

वायरमन हसला. "मॅच बघणार तरी किती जण?"

"एक. माझे साडू."

"मग त्यांनाच बोलवा की इथे."

"दर रविवारी यायचेच. आता अंथरुणाला खिळलेत. लेकाकडे असतात, परगावी. उजवी बाजू गेलीय."

त्या कोपऱ्यातली सावली जाईपर्यंत वायरमन शिडीवरून उतरला नाही.

तो गेल्यावर दंतवैद्यांनी फोन लावला आणि टेबलाच्या कडेला उभा करून ठेवला. पलीकडे साडूंची सून होती. "काका, टीव्हीवर सगळं टेबल दिसतंय! थांबा हं, बाबांची उशी उंच करते."

मग साडूंचा आवाज आला. जड, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. "डॉक्टर, यातला पांढरा बॉल कुठला आणि तुमचं टक्कल कुठलं, तेवढं आधी सांगा."

दंतवैद्य हसत मागे सरकले.

ठरलं होतं ते असं, की साडूंनी बॉल सांगायचा, पॉकेट सांगायचं आणि त्यांच्या वतीने दंतवैद्यांनी मारायचं. डोकं साडूंचं, हात दंतवैद्यांचा. मग दंतवैद्यांनी आपला डाव खेळायचा. पट्ट्यांचे बॉल साडूंचे, एकरंगी दंतवैद्यांचे.

"पिवळा. डावीकडचं... मधलं. हळू."

दंतवैद्यांनी श्वास धरून मारला. पिवळा गेला. पुढचा हुकला. मग ते टेबलाला वळसा घालून आपल्या बाजूला आले. त्यांचा लाल बॉल पॉकेटच्या अगदी तोंडाशी होता. त्यांनी मारला, केसभर चुकला.

साडूंनी आणखी दोन घेतले. दंतवैद्यांचा लाल परत चुकला.

"अरेरे," दंतवैद्य म्हणाले. "आज काही खरं नाही माझं."

"सूनबाई, बंद कर ते," साडू म्हणाले.

"का हो?" दंतवैद्य म्हणाले. "जिंकताय की तुम्ही!"

"मी कुठे जिंकतोय? तुम्ही हरताय." साडू धापा टाकत थांबले. "हात गेलाय माझा, डॉक्टर. डोळे शाबूत आहेत. तो लाल तुम्ही झोपेतसुद्धा घातला असता. इथे सगळ्यांनी हेच चालवलंय. नातू पत्त्यांत मुद्दाम हरतो. सूनबाई माझ्या विनोदांना हसते. धडधाकट होतो तेव्हा एक माणूस हसत नव्हता."

पलीकडे सून नकळत हसली आणि एकदम गप्प झाली.

दंतवैद्यांनी खडू उचलला, काठीच्या टोकाला सावकाश घासला. "ठीक आहे. मग रडायचं नाही."

"मारा."

लाल गेला. त्याच्या पाठोपाठ निळा, मग केशरी, मग बाकीचे. जांभळा समोरच्या कडेवर आपटून उलटा आला आणि पॉकेटात पडला. दंतवैद्यांनी साडूंना तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. शेवटी डाव संपवणारा काळा आत गेला तेव्हा घरभर टक्क आवाज झाला.

"हरलात," दंतवैद्य म्हणाले.

"हरलो," साडू म्हणाले. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा आवाज होता तो. "पण जांभळा नशिबाने गेला."

"नशिबाने? कोन धरून मारला मी."

"कोन धरून म्हणे! डोळे मिटून मारलात. वरून सगळं दिसतं मला."

जांभळ्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी सून मध्ये पडली. "काका, बाबांना दमायला होतंय. आता पुरे."

"हो, हो." दंतवैद्यांनी दिव्यांच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," साडू म्हणाले.

"अजून खेळायचंय?"

"नाही. दिवसभर छताकडे बघत पडलेला असतो. जरा छतावरून बघू द्या."

दंतवैद्यांनी हात मागे घेतला. दिवे, कॅमेरा, फोन सगळं चालू ठेवलं. बॉल गोळा केले, काठी भिंतीला टेकवली. एरवी ते ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घेत. आज सकाळचं अन्न गरम केलं, ताटात घेतलं आणि हॉलमध्ये येऊन घुटमळले. मग कापडावर वर्तमानपत्राची जाड घडी अंथरली, तिच्यावर ताट ठेवलं, खुर्ची ओढली.

फोनमधून संथ श्वास ऐकू येत होता. झोपले असावेत. दंतवैद्यांनी आवाज न करता पहिला घास उचलला.

"डॉक्टर," साडू म्हणाले, "एवढंच वाढून घेतलंत?"