पाटीवर नसलेलं

आई नागपूरहून आल्यापासून गुरुदत्तला एकाच गोष्टीचा संकोच वाटायचा. गाडीत बसण्याआधी ती बॉनेटला हात लावून नमस्कार करायची, मग अमेरिकेतल्या या शॉमबर्ग गावातले शेजारी बघत का असेनात.

"आई, इथे असं कोणी करत नाही गं."

आज तो पेट्रोल भरायला थांबला. कार्डाचं मशीन बसवल्यापासून या पंपावर माणूस म्हणून कोणी उरला नव्हता, सगळं आपलं आपण करायचं. पलीकडे लोकरी स्वेटर घातलेला एक गोरा म्हातारा गाडीतून उतरला, त्याने दाराच्या पत्र्यावर हात टेकवला आणि मगच पंपाची नळी उचलली.

"बघ, तोसुद्धा करतो," आई म्हणाली.

गुरुदत्तला हसू आलं. "अगं, तो नमस्कार नाही. थंडीत अंगात स्टॅटिक वीज साठते. ठिणगी पडली तर भडका उडेल, म्हणून आधी पत्र्याला हात लावायचा. तशी पाटीच आहे तिथे. कुणाला काही होऊ नये म्हणून."

"मग मी कशासाठी करते रे?"

गुरुदत्त खाली उतरला. पाटीवर सांगितल्याप्रमाणे त्याने गाडीला हात लावला. आणि पाटीवर नव्हतं तरी तो हात कपाळाला नेला.