निळी रेघ

प्रॅक्टिकलसाठी घरून घामाचा नमुना आणायचा होता. अन्विताने वारलेल्या वडिलांचा, अण्णांचा, न धुतलेला रुमाल आणला. ती त्यांच्याशी भांडून होस्टेलला निघाली, तेव्हा अण्णांनी एक शब्दही न बोलता याच रुमालाने तोंड पुसलं होतं. तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, ते आता जेलीसारख्या पातळ थरावर, म्हणजे जेलवर, घामातल्या भावनांच्या प्रथिनांच्या पट्ट्यांत दिसणार होतं.

रुमाल भिजवून काढलेला सगळा अर्क तिने जेलमध्ये भरला आणि वीज सुरू केली. अर्काच्या पुढे सरकणारी निळी रेघ तळाला पोचली की वीज बंद करा, हे मोकाशी सर बजावून थकले होते. पण अन्विता शेजारच्या फरझानाला अण्णांचा संताप रंगवून सांगत बसली. भान आलं तेव्हा रेघ जेलबाहेर निघून गेली होती.

रंग चढवल्यावर वरच्या टोकाला रागाची ठळक पट्टी तेवढी उमटली.

“सर, खाली काहीच नाही?”

“रागाची प्रथिनं जड, ती वरच अडकतात,” सर म्हणाले. “मायेची सगळ्यात हलकी. वेळेत थांबवलं नाही, तर खालच्या पाण्यात उतरतात.”

“म्हणजे होती ना?”

“असतीलही. आता कसं सांगणार?”

जेलखालच्या डब्यातलं पाणी ओतून द्यायचं काम अन्विताकडेच होतं. बेसिनपाशी ती डबा धरून नुसतीच उभी राहिली.