हिरवळीवर चालू नये

दीडशे वर्षांची बाग मोडून तिथे वाहनतळ करायला निघालेल्या कंत्राटदाराने, ती जपणाऱ्या मंडळींचा बंदोबस्त करायला चार धटिंगण धाडले. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, पहिल्याच दणक्यात हिरवळीवर आडवे झाले. दोन दात पडले, बरगडी मोडली. रक्ताची गुळणी टाकत ते म्हणाले, "अरे, कालच बी पेरलंय. मारायचं तर पायवाटेवर मारा."

"सॉरी काका," म्हणत चौघांनी त्यांना अलगद उचललं, पायवाटेवर ठेवलं आणि उरलेलं काम चोख पुरं केलं.

दवाखान्यात बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो, पोलीस विचारतायत, तक्रार कुणावर करायची?"

जबडा बांधलेल्या पोस्टमास्तरांनी कागद ओढून लिहिलं: "तक्रार राहू दे. चौघांना सभासद करून घेऊ. बारा वर्षांत सांगितल्यावर हिरवळीवरून उतरलेली ही पहिलीच माणसं."