खणातली वही

“येतो गं,” सासरे म्हणाले आणि दाराच्या चौकटीला धरून बुटात पाय घालू लागले. नवऱ्याने त्यांची बॅग आधीच खाली नेली होती. सासरे थोरल्या मुलाकडे निघाले होते, दुसऱ्या गावी, कायमचे राहायला. “पोचलात की फोन करा,” ती म्हणाली. त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली, तसं तिने दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि एकटीच हसली. आपण लिहिलेलं कुणीतरी इतकं मनावर घेतं, याचं तिला अप्रूप वाटत होतं.

ती वीज कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, “नोंद केली आहे” म्हणायचं. तिचं ऐकून घ्यायला मात्र कुठे खिडकी नव्हती. म्हणून संध्याकाळी गॅसवर भाजी शिजेपर्यंत ती ओट्याशी उभ्याउभ्या वहीत खरडत असे. दिवसभराचा वैताग, बसमध्ये समोर बसून रडणारी कुणी बाई, आईची आठवण, जे सुचेल ते. लिहून झालं की वही ओट्याखालच्या खणात जाई, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी.

एकदा तिने लिहिलं, ‘या घरात डुगडुगणाऱ्या स्टुलाकडे आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.’ तिसऱ्या दिवशी स्टूल घट्ट उभं होतं. तिने खण उघडून पाहिला. वही उलटी ठेवलेली होती. त्या खणातल्या हत्यारांना हात लावणारा घरात एकच माणूस, तिचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वभावाने इतका घुमा, की दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. तो आपली वही वाचतो! लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ती पुन्हा नव्याने त्याच्या प्रेमात पडली. मग कंबर दुखते असं लिहिलं, तर खालच्या फळीवरचे जड डबे वर आले. खिडकीची कडी लागत नाही असं लिहिलं, ती लागू लागली. तिने त्याला कधी विचारलं नाही. विचारलं तर ओशाळून वाचणंच सोडून द्यायचा. सासरे दिवसभर घरातच खुर्चीत बसलेले असत, पण तिच्या लेखी ते खुर्चीचाच भाग होते.

वाचणारा मिळाला तशी तिच्या लिहिण्याला धार चढली. विषय घरातच होता. सासऱ्यांच्या खोकल्यावर तिने दीड पान लिहिलं. ‘सुरू न होणाऱ्या स्कूटरला कुणीतरी जन्मभर किका मारत बसलंय.’ खरं तर ते सकाळी पाच मिनिटं खोकायचे. वहीत ते दिवसभर खोकत. थोडं वाढवून लिहिल्याशिवाय मजा येत नाही. आठवड्याभरात सासरे खोकायला गॅलरीत जाऊ लागले, दार ओढून घेऊन. नवऱ्याने समज दिली असणार, तिला वाटलं. मग त्यांच्या जेवतानाच्या आवाजावर लिहिलं. त्यानंतर ते सगळ्यांच्या आधी, एकटेच जेवून घेऊ लागले. तेव्हा मात्र तिला चुकचुकल्यासारखं झालं. ते पान फाडून टाकावं असंही वाटलं. पण वाक्यं फार जमून आली होती.

दहा दिवसांपूर्वी तिने लिहिलं, ‘मला या घरात टेकायला कोपरा नाही. मागची खोली ज्यांना मिळाली आहे ते तिथे फक्त झोपतात. ते कधी जाणार, असं विचारायची सोय नसते, म्हणून लिहिते.’ त्याच आठवड्यात जेवणं झाल्यावर सासरे म्हणाले, “थोरल्याकडे जाईन म्हणतो.” थोरल्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं होती. मागे एकदा तिथून ते महिन्याच्या आत परत आले होते. हे सगळं तिला ठाऊक होतं. ती ताटं उचलत राहिली.

आता तिने मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, टेबल ओढत ओढत खिडकीखाली आणलं आणि वर वही ठेवली. दहा वेळा लांबून निरखून पाहिलं. वहीचं आपल्याला ठाऊक आहे हे आज नवऱ्याला सांगूनच टाकायचं, असं तिने ठरवलं.

नवरा त्यांना बसमध्ये बसवून परतला आणि खोलीच्या दारात उभा राहिला.

“थँक्यू,” ती म्हणाली. तिला एकदम भरून आलं. “बाबांशी तू बोललास. तुला किती जड गेलं असेल, कळतं मला.”

“मी?” तो म्हणाला. “मी कशाला बोलू? मी तर चार दिवस त्यांच्या मागे लागलोय, जाऊ नका म्हणून. ऐकायलाच तयार नाहीत.”

तो उघड्या खाटेवर बसला. टेबल, खिडकी, ती, असं सगळीकडे पाहत राहिला, पण वहीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

“बस सुटता सुटता म्हणाले, सूनबाई फार छान लिहिते, तिला लिहायला एक खोली हवी. मला काही कळलंच नाही,” तो म्हणाला. “तू लिहितेस?”